मदत हवी आहे: कॉक्लियर इम्प्लांट असलेल्या मुलांचा सीटी, एकाच स्कॅनमध्ये जमवायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका सेंटरला सीटी टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. मशीन १६ स्लाइस, मेटल आर्टिफॅक्ट, म्हणजे धातूमुळं इमेजवर येणारे पट्टे, कमी करायचं सॉफ्टवेअर (मार) त्यात नाही, ड्युअल एनर्जी, म्हणजे दोन एनर्जीनं स्कॅन करायची सोय, तर लांबच. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला राधानगरीकडची सहा वर्षांची पोर आली, जिन्यावरून पडलेली, दोन उलट्या झालेल्या, डाव्या कानामागं कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशननं बसवलेलं यंत्र. वडिलांनी त्याचा बाहेरचा प्रोसेसर (कानावर लावायचा, आवाज टिपणारा भाग) काढून खिशात ठेवला आणि आम्ही तिला आत घेतलं. कन्सोलवर बघतोय तर डावीकडं नुसते पांढरे काळे पट्टे, मेंदूचा टेम्पोरल लोब (कानाजवळचा भाग) आणि खाली सेरेबेलमची (लहान मेंदूची) ती बाजू वाचताच येईना. वर पोरीनं मान हलवलेली, ते वेगळंच. रेडिओलॉजिस्ट सरांना घरी इमेज पाठवल्या तर त्यांचा फोन आला, कवटीला चिकटून एक पातळ पांढरी रेघ दिसतीय पण ती रक्त आहे का पट्टा हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

एमआरआय म्हणाल तर इम्प्लांटमध्ये लोहचुंबक असतं, मॉडेल कुठलं ते लिहिलेलं कार्ड घरी राहिलेलं, म्हणजे त्या रात्री तो विषयच संपला. शेवटी दुसरीकडं पाठवलं, तिथल्या मशीनला मार आहे, रिपोर्ट स्वच्छ आला, पोर आता शाळेत जातीय. पण सहा वर्षांच्या डोक्याला एका रात्रीत दोनदा रेडिएशन बसलं आणि त्यातलं एक माझ्या हातून वाया गेलं, हे काही केल्या मनातून जाईना म्हणून हा धागा काढलाय.

मला जेवढं कळतं ते असं, की खरा त्रास कोक्लियात (आतल्या कानातल्या शंखात) गेलेल्या इलेक्ट्रोडचा कमी आणि कानामागं कातडीखाली बसवलेल्या रिसिव्हरचा जास्त. त्यात टायटॅनियमची पेटी असते, चुंबक असतं. बीम त्यातून जाताना कमी एनर्जीचे फोटॉन आधीच गळतात, काही ठिकाणी डिटेक्टरपर्यंत काही पोचतच नाही, आणि मशीन त्या अर्ध्या माहितीवर इमेज बांधतं म्हणून पट्टे. माझा थोरला भाऊ शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या रेडिओग्राफीला आहे, तो म्हणाला आम्ही जाड कास्टिंग आलं की इरिडियम १९२ ठेवून कोबाल्ट ६० घेतो, तू पण एनर्जी वाढव की. तत्त्व बरोबर आहे त्याचं, पण कास्टिंगला डोसची काळजी नसते, इथं लेकराचं डोकं आहे.

तर विचारायचं असं. मी स्कॅन १२० केव्हीला (बीमची एनर्जी ठरवणारं ट्यूबचं व्होल्टेज) घेतला होता, लहान मुलाला १४० करावं का? डोकं किंवा गँट्री (मशीनचं गोल कडं) कुठल्या बाजूला वाकवायची? आमच्यात गँट्री टिल्ट फक्त अ‍ॅक्सियल मोडला (टेबल थांबवत थांबवत स्कॅन) चालतो, हेलिकलला (टेबल सरकतं ठेवून स्कॅन) नाही. आणि येत्या गुरुवारी ईएनटीच्या सरांनी आठ वर्षांचा एक मुलगा पाठवायचा सांगितलाय, त्याला ऐकू कमी यायला लागलंय, इलेक्ट्रोड जागेवर आहे का बघायचंय. तो तरी एकदाच्या स्कॅनमध्ये निभावून न्यायचा आहे. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
इचलकरंजीत आमच्याकडेही हाच प्रश्न. फॉलो करतोय.

प्रतिसाद २
भावा, मी पुण्यात आहे, आमच्याकडे इम्प्लांटचे पेशंट बरेच येतात म्हणून लिहितो. केव्ही वाढवून फायदा होतो पण थोडाच, आणि १४० केलंस तर एमएएस (एक्सरेचं प्रमाण) उतरव, स्कॅन सोडायच्या आधी कन्सोलवर सीटीडीआय (डोसचा आकडा) किती दाखवतोय ते बघ, आधीपेक्षा वर जाता कामा नये. खरी कमाई पोझिशनमध्ये आहे. पट्टे नेहमी स्लाइसच्या प्लेनमध्येच पसरतात, म्हणजे रिसिव्हर ज्या स्लाइसमध्ये येत नाही ती स्लाइस बऱ्यापैकी स्वच्छ. रिसिव्हर कानाच्या मागे आणि वर असतो. हनुवटी छातीकडे घेतली की तो आणखी वर सरकतो आणि कोक्लियाची लेव्हल मोकळी होते, शिवाय डोळेही बीममधून बाहेर जातात. उलट हनुवटी वर केली की रिसिव्हर कानाच्या लेव्हलला येतो, वरचा मेंदू साफ दिसतो पण पोस्टिरिअर फोसा (मागचा खालचा, लहान मेंदूचा भाग) खराब होतो. म्हणून आधी रेडिओलॉजिस्टना विचारायचं, नक्की काय बघायचंय, आणि मग टोपोग्रामवर (स्कॅनआधीच्या सरळ फोटोवर) रिसिव्हर कुठे आहे ते पाहूनच प्लॅन टाकायचा.

पण पडून आलेल्या पेशंटची मान वाकवायची नाही, सर्व्हायकल स्पाइन क्लिअर झाल्याशिवाय (मानेच्या मणक्याला इजा नाही हे कळल्याशिवाय) अजिबात नाही. तिथे गँट्रीच वाकवायची, अ‍ॅक्सियल मोडला का होईना. हेलिकल सोडायला लागला तरी चालेल.

मारबद्दल सगळ्यांसाठीच एक. सीमेन्सचं आयमार, फिलिप्सचं ओ-मार, जीईचं स्मार्ट मार, कॅननचं सेमार, नावं वेगळी पण काम साधारण एकच, धातूमुळे बिघडलेला डेटा ओळखून त्या जागी अंदाजाने नवीन भरायचा. अंदाज म्हटला की कधी नसलेली काळी पांढरी पट्टी उमटते आणि धातूच्या कडेचा खरा तपशील पुसला जातो. म्हणून मारची सिरीज आणि साधी सिरीज दोन्ही पाठवायच्या, नुसत्या मारवर रिपोर्ट नको. आणि ते रॉ डेटावर (डिटेक्टरच्या मूळ मोजणीवर) चालतं, तो काही दिवसांत कन्सोलवरून उडतो, पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावताही येत नाही. त्यामुळे अशी केस आहे हे आधी कळलं तर पहिला स्कॅनच मारवाल्या मशीनवर पाठव.

गुरुवारच्या मुलाचं म्हणशील तर इलेक्ट्रोडला मार वापरू नकोस, त्यावरचे कॉन्टॅक्टच (धातूचे बारीक ठिपके) पुसले जातात. पातळ स्लाइस, बोन कर्नल (हाडाच्या कडा ठळक करणारी सेटिंग), आणि मशीनमध्ये एक्स्टेंडेड स्केल (घनतेची वाढीव पट्टी) असेल तर तो चालू कर, नाहीतर ३०७१ एचयूच्या (सीटीचं घनतेचं एकक) वरचं सगळं एकसारखं पांढरं होतं आणि एक कॉन्टॅक्ट दुसऱ्यापासून सुटा दिसत नाही. विंडो (स्क्रीनवर दिसणाऱ्या छटांची मर्यादा) भरपूर रुंद ठेव. पण त्याआधी ईएनटी सरांना विचार, इलेक्ट्रोड बाहेर सरकलाय का एवढंच बघायचं असेल तर मॉडिफाइड स्टेनव्हर्स व्ह्यूचा (डोकं तिरकं धरून कानाच्या हाडाचा) साधा एक्सरे पुरतो का. त्यात गुंडाळी चांगली दिसते आणि डोस सीटीच्या मानाने फार कमी. जवळपास कोन बीम सीटी (शंकूसारख्या बीमचं मशीन) असेल तर तेही विचार, धातूचे पट्टे त्यात कमी येतात.

प्रतिसाद ३
दादा, मी टेक्निशियन नाही, आई आहे. माझ्या मुलाला सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट बसलंय. पोरीनं मान हलवली असं तुम्ही लिहिलंय त्यावर सांगते. प्रोसेसर काढला की आमच्या लेकरांना काहीच ऐकू येत नाही, तुम्ही माइकवरून हलू नको बाळा म्हणता ते तिच्यापर्यंत पोचलंच नसणार. रात्रीची वेळ, अनोळखी खोली, एवढं मोठं मशीन फिरतंय आणि एकदम सगळं शांत, पोर घाबरणार नाही तर काय. आम्ही टेबलावर झोपवून सगळं समजावून होईपर्यंत प्रोसेसर कानावरच ठेवतो, अगदी शेवटी काढतो. मी शिशाचा एप्रन घालून त्याला माझा चेहरा दिसेल अशी उभी राहते आणि हात वर म्हणजे पुतळा, हात खाली म्हणजे झालं, असं घरी खेळून ठेवलेलं असतं. आणि कार्डाचा फोटो आईबाप दोघांच्या मोबाइलमध्ये हवाच.

धागाकर्ता
ताई, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच गप्प झालो. मी त्या रात्री माइकवरून तीनदा ओरडलो होतो, पोर ऐकत नाही म्हणून. ती ऐकूच शकत नव्हती हे माझ्या ध्यानातच आलं नाही, इम्प्लांट समोर दिसत असताना.

पुण्याच्या दादांचे पण फार आभार, हनुवटी वर का खाली हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. आज ईएनटी सरांना फोन केला, ते म्हणाले आधी स्टेनव्हर्स काढा, त्यात शंका राहिली तरच सीटी. म्हणजे गुरुवारी मुलगा आधी एक्सरेच्या टेबलावर. त्याच्या आईला पण फोन करून खुणेचा खेळ सांगितलाय आणि कार्ड आणायला सांगितलंय. रिसेप्शनला फॉर्मवर कानात इम्प्लांट आहे का हा रकाना हातानं वाढवलाय, छापून येईपर्यंत तसाच चालेल.

एक राहिलंच, स्टेनव्हर्सला लहान मुलाचं डोकं ४५ अंशात धरून ठेवायला तुम्ही काय वापरता? आमच्याकडं फक्त मोठ्यांचे स्पंज आहेत.