रंगवलेलं टिन गनवर जास्त गरम दाखवतंय, काय समजायचं?

मानेवाडा_४४
आमच्या वरच्या मजल्यावर टिनाचं छत आहे आणि आई-बाबा तिथेच राहतात. नवतपा लागायच्या आत अर्ध्या टिनांना पांढरा कूल कोट मारून घेतला, आधी फरक बघू म्हणून. काल दुपारी, हवा ४४ अंश असताना, वर चढून इन्फ्रारेड गनने (न टेकवता तापमान दाखवते ती) मोजलं. कोऱ्या चकचकीत टिनावर ३१, रंगवलेल्यावर ४९! पण कोऱ्या टिनाला बोट लावलं की चटका बसतो. गन बिघडली की रंग कुचकामी? उरलेला डबा परत करू का?

वायरमन_भाऊ
४४ च्या हवेत, उन्हात पडलेलं टिन ३१ वर कसं राहील? तो आकडा खोटा आहे.

हिंगणा_मेंटेनन्स
डबा परत करू नका. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिक पॅनेलमधल्या चकचकीत बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) हाच घोळ नेहमी दिसतो.

गन पृष्ठभागाकडून येणारी ८ ते १४ मायक्रॉनची किरणं मोजते आणि त्यावरून आकडा काढते. रंग, वीट, लाकूड, कातडी यांची एमिसिव्हिटी, म्हणजे स्वतःची उष्णतेची किरणं सोडायची क्षमता (जास्तीत जास्त १), ०.९ च्या आसपास किंवा वर. गन ०.९५ वर लावलेली असते, म्हणून तिथे जमतं. नव्या जस्ताच्या टिनाची मात्र ०.२-०.३ च्या घरात. म्हणजे टिनाची स्वतःची किरणं पाव हिश्श्याची, बाकी सगळं त्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब. आणि आपलं मे महिन्यातलं कोरडं, निरभ्र आकाश या किरणांत चांगलंच थंड असतं. टिन ७० ला आणि आकाश १० अंशांसारखं धरलं, तर हिशेब २८ च्या आसपास येतो. तुमचे ३१ तिथले.

पांढरा रंग आपल्याला पांढरा दिसतो, पण या किरणांसाठी तो काळ्या रंगासारखाच, म्हणून ४९ बराच खरा. फायदाही तिथेच: ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता वर सोडून देतो. कोऱ्या टिनाला ती सोडता येत नाही, म्हणून ते तापत जातं.

आता मोजायचं कसं? काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा असं सगळे सांगतात. सप्लाय बंद करून बसबारला टेप लावणं ठीक, पण छतावर हे करूच नका! उन्हात काळी टेप स्वतःच टिनापेक्षा जास्त तापते. खोलीत जाऊन टिनाच्या खालच्या अंगाला लावा. पत्रा पातळ असतो, वर-खाली फारसा फरक नसतो. टेपच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून तळहाताएवढा तुकडा करा आणि जवळून मोजा. १२:१ ची गन १२ इंचांवरून १ इंचाचं वर्तुळ बघते, लेझर फक्त नेमासाठी.

मानेवाडा_४४
केलं. टेपवर कोऱ्या टिनाखाली ६६, रंगाखाली ५०. टेपशेजारच्या उघड्या टिनावर मात्र ४५! माझ्या गनमध्ये एमिसिव्हिटी बदलता येते. ०.२५ करून ठेवू का?

हिंगणा_मेंटेनन्स
नको. ढग आला, कोन बदलला, शेजारची भिंत प्रतिबिंबात आली की आकडा पुन्हा फिरणार. एवढ्या चकचकीत पत्र्यावर सेटिंगचा भरवसा धरू नये. ०.९५ वरच राहू द्या, टेपवर मोजा. आणि उरलेला रंग या आठवड्यातच मारा, आधी आई-बाबांच्या पलंगावरच्या टिनांना. दरवर्षी उन्हाळ्याआधी छत धुवत जा, धूळ बसली की ऊन परतवणं कमी होतं.