मदत हवी आहे : डांबर संपल्यावर गाडी चालवायला शिकायचंय (सातारा-जावळी)

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि मेढ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करते. वय ३६, उंची ५ फूट १ इंच. अकरा वर्षं १२५ सीसीची साधी गाडी चालवतेय, दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज होतात. त्यामुळे गाडी आपल्याला येते, असं धरूनच चालले होते. गेल्या महिन्यात तो समज गेला.

केळघरच्या पुढे एका वाडीच्या रस्त्याचं काम निघालंय. मोकळी खडी पसरून ठेवलेली, रोलर फिरलेला नाही. वळणावर समोरून दुधाची जीप आली आणि मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक बाजूला कधी गेलं तेही कळलं नाही. वेग वीसच्या आतच होता, पण गाडी डाव्या पायावर आली आणि घोटा मुरगळला. तीन आठवडे घरी बसले. त्याहून वाईट म्हणजे मागे बांधलेला, रेतमात्रा गोठवून ठेवायचा ३ लिटरचा द्रव नायट्रोजनचा जार आडवा झाला. आतला द्रव उणे १९६ अंशांचा असतो. तो सांडला, माझ्या अंगावर आला नाही हे नशीब, पण रेतमात्रा सगळ्या वाया गेल्या.

रस्ता वाळेपर्यंत थांबा, असं घरचे म्हणतात. माझ्या कामात ते जमत नाही. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळपर्यंत पोचावंच लागतं. ती वेळ हुकली की पुन्हा २१ दिवस वाट बघायची. एक-दोन गाईंवर ज्याचं घर चालतं त्याला ते २१ दिवस फार महाग पडतात.

दादा फौजेत आहे. त्याची रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ घरी उभी असते आणि 'चालव बिनधास्त' असं त्याने सांगितलंय. सीट ८०० मिलिमीटर उंच, वजन १९९ किलो. बसले की दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतात. परवा अंगणातच उभ्या उभ्या माझ्या हातून कलली, आणि उचलायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं. वाडीच्या वाटेवर कोण येणार उचलायला?

तर मला हे विचारायचंय. शिकायला हिमालयन घ्यावी की माझी १२५च बरी? नवी घ्यायची झाली तर हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही मनात आहे, पण तिची सीट ८२५ मिलिमीटर म्हणजे आणखी उंच. अंगावर घालायच्या सामानाला सध्या पंधरा हजारांच्या वर जमणार नाही. त्यात आधी काय घेऊ? जॅकेट घे असं सगळे सांगतात. गोठ्यात जायला माझ्याकडे गमबूट आहेत, गाडीवर तेच चालतील का? आणि उभं राहून गाडी चालवायची, म्हणजे नेमकं काय करायचं? व्हिडिओ बघून करून पाहिलं, तर दहा मिनिटांत मनगटं आणि कंबर दुखायला लागली.

कराडहून :

ताई, आधी बुटांचं बोलतो. गमबूट गाडीवर नकोतच. रबर पाण्यासाठी आहे. पाय पिळवटला तर ते घोट्याला धरून ठेवत नाही, उलट सैल असल्याने फूटरेस्टमध्ये अडकतं. तुमची दुखापत घोट्याची आहे आणि मातीत हळू वेगाने पडल्यावर नेहमी हेच होतं, गाडी पायावर येते. म्हणून हेल्मेटनंतरचा पहिला खर्च बुटांचा. नडगीवर कडक पट्टी हवी, घोट्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षण हवं, आणि तळवा असा की हाताने पिळून पिळला जाणार नाही. दुकानात पिळूनच बघा. गमबूट पिशवीत ठेवा, गोठ्याच्या दारात बदला.

त्यानंतर गुडघे. वाटीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पट्टे असलेले गुडघ्याचे गार्ड घ्या, नाहीतर पडताना ते फिरतात. मग हातमोजे. जॅकेट सगळ्यात शेवटी. त्याऐवजी जाळीचा आर्मर शर्ट मिळतो, तो आत घालायचा आणि वरून रेनकोट. आपल्याकडच्या पावसात जाड जॅकेट भिजलं की दोन दिवस वाळत नाही, आणि वाळलं नाही की माणूस घालायचं सोडतो. आर्मरवर सीई (युरोपातल्या सुरक्षा चाचणीचा शिक्का) लेव्हल १ की २ ते बघा. चाचणीत धक्का दिल्यावर खांदा-कोपर-गुडघ्याच्या लेव्हल १ तुकड्यातून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत गेलेला चालतो, लेव्हल २ मधून २० पर्यंतच. फरक मोठा आहे, किमतीत मात्र तेवढा नसतो. नुसता फोम भरलेले तुकडेही दुकानदार आर्मर म्हणून विकतात, त्यामुळे आतला शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता जार. तो मागच्या कॅरियरवर उंच बांधला की गाडीचा तोल वर जातो आणि प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक उडतं. सीटच्या मागच्या बाजूला, तुमच्या पाठीच्या जितका जवळ येईल तितका घ्या. खाली जाड रबर, भोवती फोम, वर दोन पट्टे आडवे आणि एक उभा. पाठीवरच्या सॅकमध्ये कधीही नको. आणि सांडू नये म्हणून झाकण घट्ट बंद करायचा मोह होईल, तो टाळा. वायूला बाहेर पडायला वाट लागतेच, नाहीतर आत दाब वाढतो. हे तुम्हाला माहीत असणार, तरी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहितो.

पुण्याहून :

अगं, माझी उंचीही ५ फूट १च आहे आणि मी चार वर्षं एक्सपल्स चालवतेय. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोड. थांबताना सीटवर डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा. कुठे थांबायचं ते मात्र आधी ठरवावं लागतं. पाय टेकेल ती बाजू उंच हवी, उताराची बाजू नको. मी आता थांबण्याच्या वीस फूट आधीच जमीन बघते. गाडी खाली करून घेऊ नकोस, खालची जागा कमी होते आणि इंजिन दगडाला लागतं.

उचलायचं तंत्र. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर पडलेली असतानाच साइड स्टँड बाहेर काढ. डावीकडे पडली तर स्टँड अंगाखाली असतो, म्हणून उभी झाल्यावर तिला पलीकडे जाऊ न देता धरायचं आणि पायाने स्टँड काढायचा. गिअरमध्ये ठेव, म्हणजे चाक फिरणार नाही. गाडीकडे पाठ कर आणि सीटच्या कडेला कुल्ले टेकवून खाली बस. एका हाताने जमिनीकडचं हँडल, दुसऱ्याने सीटखालचा पाइप. हात सरळ, पाठ सरळ, आणि लहान लहान पावलं मागे टाकत मांड्यांच्या जोराने उभी राहा. वाकून हातांनी ओढलंस तर गाडी उठणार नाही, कंबर मात्र धरेल. अंगणात जुनी गादी टाकून दादाच्या गाडीवर दहा वेळा कर. मला पहिल्या दिवशी तीनदा जमलं नव्हतं.

उभं राहण्याचंही सांगते. मनगटं दुखतात म्हणजे तू हँडलला लटकतेस. वजन सगळं तळपायांवर हवं, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, गुडघे थोडे वाकलेले, कोपरं बाहेर. हँडल इतकं सैल धर की मधली बोटं उघडता यावीत. नजर पुढच्या चाकावर नको, निदान तीन-चार गाड्यांच्या अंतरावर ठेव. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. आणि उभं राहणं सतत नसतं. ओबडधोबड तुकडा आला की उठायचं, सपाट झालं की बसायचं.

जतहून :

ताई, गाडीच्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. पहिला महिनाभर १२५वरच शिका. हलकी आहे, पडली तरी उचलाल. हात जमले की हिमालयनवर या. आमच्या जत-आटपाडीकडे मुरमाची माळरानं मुबलक, तिथे मी अशीच पोरं तयार केलीत.

तुमची खडीवरची चूक ब्रेकची आहे, पण नुसती पुढच्या ब्रेकची नाही. वळणात वाकलेल्या गाडीला ब्रेक लावला, ही मूळ चूक. मोकळ्या खडीवर चाकाला जेवढी पकड असते तेवढी एका वेळी एकाच कामाला पुरते, वळा नाहीतर थांबा. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा.

सराव असा करा. सपाट मुरमाचं मोकळं मैदान बघा. वीसच्या वेगाने सरळ या आणि मागचा ब्रेक पूर्ण दाबा. मागचं चाक घासत जाईल, थोडं शेपटासारखं हलेल. पाय सोडू नका, ते हलणं अंगात भिनू द्या. वीसेकदा केलं की भीती जाते, आणि भीती गेली की घसरल्यावर माणूस आखडत नाही. १२५ला मागे एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नसेल तर हे जमेल. दादाच्या गाडीत मागचा एबीएस बंद करायची सोय असेल तर तो बंद करून करा, डांबरावर आल्यावर आठवणीने चालू करा. मग पुढचा ब्रेक, एकाच बोटाने, हळूहळू वाढवत. खच्चून कधीच नाही.

त्यानंतर हाफ क्लचवर इंग्रजी आठचा आकडा, पायी चालण्याच्या वेगाने. घाटातल्या वाटेचं निम्मं कसब याच्यात आहे.

टायरची हवा थोडी कमी केली की खडीवर पकड वाढते. पण हिमालयन ४११च्या स्पोकच्या चाकांत आत ट्यूब असते. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब रिमखाली चेपून दोन भोकं पडतात. हिमालयनवर मी वीस पीएसआयच्या खाली जात नाही. पंप जवळ ठेवा, डांबरावर परत भरा.

एक विनंती. साताऱ्याची मंडळी सरावाला कास किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर गाड्या घालतात. तसं करू नका. जांभ्यावरची माती बोटभर जाडीची, तिच्यात उगवणारी कित्येक रोपं दुसरीकडे उगवत नाहीत. चाकाची एक चाकोरी पडली की तिथलं पाणी वाहायचं बदलतं. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. कोयनेच्या अभयारण्यातही नको. पडीक शेत किंवा बंद पडलेली मुरमाची खाण पुष्कळ मिळेल, मालकाला विचारून जा.

मूळ धागाकर्ती :

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. पाच रविवार झाले, म्हणून लिहितेय.

बूट आणि गुडघ्याचे गार्ड घेतले, त्यातच पैसे संपले. हातमोजे पुढच्या महिन्यात. पहिला रविवार अंगणात गादीवर गेला. सहाव्या वेळी हिमालयन एकटीने उभी केली. आई दारातून बघत होती, ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी गादीची खोळ स्वतः धुऊन टाकली.

वाढ्याच्या बाजूला ओळखीच्या एकांचं पडीक रान आहे, तिथे १२५वर मागचा ब्रेक केला. पहिल्या पाच-सहा वेळा चाक हललं की पाय आपोआप ब्रेकवरून उठायचा. तिसऱ्या रविवारी तो उठायचा थांबला. दोनदा पडले, एकदा गाडी त्याच डाव्या पायावर आली. बुटाच्या कडेला ओरखडा आहे, घोट्याला काही नाही. आठचा आकडा डावीकडे जमतो, उजवीकडे अजून रुंद जातो.

जार आता पाठीला लागून बांधते. फरक पहिल्याच दिवशी कळला. मागे आपटल्याचा जो आवाज रोज ऐकायचे तो बंद झाला.

बुधवारी त्याच वाडीचा फोन आला, दुपारी तीनला. खडी तशीच आहे. वळणाच्या आधी वेग काढला, उभी राहिले, नजर पलीकडच्या बांधावर ठेवली आणि ब्रेकला हात न लावता वळण काढलं. गाय वेळेत भरली.

जातानाची चढण झाली, पण परत येताना त्याच तुकड्याला चांगला उतार आहे आणि तिथे मी घाबरून उतरले, गाडी हाताने धरून आणली. उतारावर क्लच पूर्ण सोडायचा की दोन बोटं दाबून ठेवायची?

जतहून :

पूर्ण सोडा. क्लच दाबला की इंजिनचा अडसर जातो आणि गाडी मोकळी पळते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. उतार सुरू व्हायच्या आधीच पहिला गिअर टाका, अंग थोडं मागे घ्या, मागचा ब्रेक हलका, पुढचा त्याहून हलका. इंजिन स्वतःच गाडीला अडवून धरतं. आणि हाताने धरून आणायची वेळ आलीच तर कायम डोंगराच्या बाजूने चाला, दरीच्या नाही. पहिले दोन उतार जार घरी ठेवून करा.