बिन फाइल ३८४ एमबीची झाली, लिंकरच्या वॉर्निंगमुळे का?

प्रश्न : एसटीएम३२एफ४०७ मायक्रोकंट्रोलर, आर्म जीसीसी १२ कंपायलर, लिंकर स्क्रिप्ट (कोड आणि डेटा मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणारी फाइल) हाताने लिहिलेली. लिंक करताना दोन वॉर्निंग येतात: लोड सेगमेंटला आरडब्ल्यूएक्स (वाचणं, लिहिणं, चालवणं तिन्ही) परमिशन आहे, आणि ‘_क्लोज’ इम्प्लिमेंट केलेलं नाही. ऑब्जकॉपी टूलने काढलेली बिन (फ्लॅशमध्ये चढवायची कच्ची फाइल) ३८४ एमबी भरते, फ्लॅश तर १ एमबीच आहे. ‘-आर .डेटा’ देऊन .डेटा सेक्शन वगळलं की २१ केबी होते. तीच चढवू का?

उत्तर १ : नको. .डेटा काढून टाकलात तर ग्लोबल व्हेरिएबल्सच्या सुरुवातीच्या किमतीच बिनमध्ये राहणार नाहीत.

फ्लॅश सुरू होते हेक्स ०८०००००० ला, रॅम २००००००० ला. मधलं अंतर बरोबर ३८४ एमबी. बिनमध्ये पत्ते नसतात, त्यामुळे सगळ्यात खालच्या लोड पत्त्यापासून वरच्यापर्यंतची पोकळी ऑब्जकॉपी भरून काढतो. तुमच्या .डेटाचा लोड पत्ता (सुरुवातीच्या किमती जिथे साठवायच्या तो) रॅममध्येच पडलाय. सेक्शनच्या शेवटी नुसतं ‘> रॅम’ असेल, तिथे ‘> रॅम एटी> फ्लॅश’ करा. स्टार्टअप कोड ज्या पत्त्यावरून कॉपी करतो तो लोडअॅडर(.डेटा) वरून घ्या. मग ऑब्जडम्प -एच चालवून व्हीएमए (चालताना वापरायचा पत्ता) २००० ने आणि एलएमए (लोड पत्ता) ०८०० ने सुरू होतोय ना, ते बघा.

लिंकरच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, म्हणून वॉर्निंग नाही. डीबगरने ईएलएफ (लिंकरने बनवलेली, पत्त्यांसकटची फाइल) चढवलात तर तो .डेटा थेट रॅममध्ये टाकतो आणि सगळं छान चालतं. पॉवर काढून लावली की कचरा.

उत्तर २ : त्या दोन वॉर्निंगचा साइजशी संबंध नाही. आरडब्ल्यूएक्सची वॉर्निंग बिनयुटिल्स (लिंकर, ऑब्जकॉपी वगैरे टूल्सचा संच) २.३९ पासून आली. बहुधा .इनिट_अॅरे आणि .फिनी_अॅरे हे ‘लिहिता येणारे’ सेक्शन .टेक्स्टच्याच सेगमेंटमध्ये बसलेत. त्यांच्या नावापुढे कंसात रीडओन्ली लिहा. जीसीसी १० ला मात्र हा शब्द कळत नाही. ‘--नो-वॉर्न-आरडब्ल्यूएक्स-सेगमेंट्स’ने वॉर्निंग नुसती गप्प होते. परमिशनचे फ्लॅग तसेही बिनमध्ये जात नाहीत.

‘_क्लोज’ची वॉर्निंग नोसिस लायब्ररीतल्या रिकाम्या फंक्शनमुळे येते. फाइल्स वापरत नसाल तर सोडून द्या. प्रिंटएफ हवं असेल तर ‘_राइट’ मात्र स्वतः लिहावं लागेल.

उत्तर ३ : नवीन बिनचे पहिले ८ बाइट हेक्समध्ये बघा. पहिले चार म्हणजे स्टॅक पॉइंटर. रॅमच्या टोकाला ठेवला असेल तर ०० ०० ०२ २० दिसेल. पुढचे चार रीसेट हँडलरचे, आणि तो आकडा विषमच हवा (थंब बिट). तसं नसेल तर व्हेक्टर टेबलला (बिनच्या सुरुवातीचा हाच पत्त्यांचा तक्ता) लिंकर स्क्रिप्टमध्ये कीप लावलंय का पाहा. नाहीतर न वापरलेले सेक्शन काढून टाकणारा ‘--जीसी-सेक्शन्स’ ते मुकाट्याने उडवतो.