वाड्यातून निघालेले जुने कृष्णधवल प्रिंट: अस्सल कसे ओळखायचे आणि पावसाळ्यात कसे ठेवायचे?

निपाणी_रोड
निपाणीतल्या एका जुन्या वाड्याचं सामान विकायला काढलंय. त्यात 43 कृष्णधवल प्रिंट आहेत. काही तपकिरी, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. काही सुटे, साधारण 8 × 10 इंचांचे. तीन फ्रेममध्ये आहेत, त्यातला एक काचेला चिकटलाय. एका सुट्या प्रिंटच्या मागे पेनानं 'बेळगाव काँग्रेस 1924' लिहिलंय आणि मालकानं सगळा भाव त्यावरच लावलाय. सोमवारी सांगायचंय. जागेवर अर्ध्या तासात काय काय बघता येईल? आणि घेतले तर पावसाळ्यात ठेवायचे कुठे?

अंधारखोली
पेनानं लिहिलेल्या सालाला भाव देऊ नका. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, डिसेंबर 1924 चं. अशा प्रसंगाचा फोटो मागाहून कोणीही कॉपी करून घेतो. प्रसंग 1924 चा असेल, पण कागद कधीचा ते वेगळं बघायचं.

सोबत तीनच वस्तू न्या: 10 पटीचं भिंग, साधी बारीक टॉर्च आणि 365 नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च. स्वस्तातली 395 वाली नको, तिचा जांभळा उजेडच इतका पडतो की कागदाची चमक कळत नाही.

खोलीत अंधार करून साधी टॉर्च प्रिंटला जवळजवळ टेकवून आडवी धरा. चित्रात घडी किंवा ओरखडा दिसतोय, पण त्या जागी पृष्ठभाग सपाट आहे? मग ती घडी मूळ प्रिंटवर होती आणि तुमच्या हातात त्याची कॉपी आहे. कॉपीत सावल्याही बुजतात, काळा कोट नुसता काळा ठिपका होतो, बटणं दिसत नाहीत.

मग भिंगातून गालासारखा करडा भाग बघा. ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते छापील चित्र, पुस्तकातलं नाहीतर कॅलेंडरवरचं. बारीक रंगीत शिंतोडे असतील तर इंकजेट. खऱ्या प्रिंटमध्ये छटा सलग उतरते, फार तर दाणे दिसतात, पण त्यांना रांग नसते.

शेवटी यूव्ही. शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा, म्हणजे चमक कशी असते ते कळेल. प्रिंटचा कागद तसाच निळसर पांढरा चमकला तर तो 1950 च्या दशकाच्या आधीचा नाही, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून घालायचं ते रसायन फोटोच्या कागदात तेव्हापासूनच आलं. उलटं मात्र धरू नका. न चमकणारा कागद नंतरही निघत होता.

शिक्केवाला
यूव्हीच्या आधी पाठ वाचा की ओ, फुकटात काम होतं. सीमाप्रश्नाचा आपल्याला एवढा एक फायदा: स्टुडिओच्या शिक्क्यावरचं राज्याचं नाव बघून साल बांधता येतं. बेळगावच्या पत्त्यापुढे 'म्हैसूर राज्य' असेल तर 1 नोव्हेंबर 1956 नंतरचा. 'कर्नाटक' असेल तर 1 नोव्हेंबर 1973 नंतरचा. 'मुंबई इलाखा' असेल तर मात्र जपून, जुना रबरी शिक्का संपेपर्यंत वापरतात. सहा आकडी पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला, त्यामुळे 590 नं सुरू होणारा आकडा दिसला की 1924 विसरा. मागे पेन्सिलीनं किंमत 'नये पैसे'त असेल तर 1957 ते 1964 चा काळ धरा.

कागदाच्या कंपनीचं नावही असतं. 'इंदू' म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा माल, उत्पादनच 1967 ला सुरू झालं. मागची बाजूही प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत लागली तर 1970 च्या आसपासचा किंवा नंतरचा.

निपाणी_रोड
पुठ्ठेवाले तपकिरी कसे ओळखायचे? काल यूव्ही मारली तर एकाचा पुठ्ठा चमकला, फोटो नाही.

अंधारखोली
पुठ्ठा नंतर बदललेला असू शकतो. फोटोचा निकाल फोटोवरूनच लावा.

तपकिरी म्हणजे अल्ब्युमिन असं लगेच धरू नका. अल्ब्युमिन प्रिंट अंड्याच्या पांढऱ्याच्या थरावर होतो. कागद पातळ, म्हणून पुठ्ठ्यावर डकवलेला. उजळ भाग पिवळट झालेले असतात आणि भिंगाखाली कागदाचे तंतू चित्रातून दिसतात. 1850 मध्ये निघालेली पद्धत, 1890 च्या दशकात मागे पडली. तंतू दिसत नसतील तर मध्ये बरायटाचा पांढरा थर आहे, म्हणजे बहुधा नंतरचा जिलेटिन प्रिंट (चित्र जिलेटिनच्या थरातल्या चांदीच्या कणांचं), सेपिया टोन केलेला, म्हणजे रसायनानं तपकिरी केलेला. पुठ्ठा मोजा: सुमारे 4¼ × 6½ इंच असेल तर कॅबिनेट कार्ड, 2½ × 4 असेल तर कार्ट द व्हिझिट; पुठ्ठ्यावरच्या जुन्या फोटोंचे हे दोन ठरलेले आकार.

जिलेटिन प्रिंट तिरका धरल्यावर कडेच्या काळ्या भागात निळसर चांदीची झाक दिसते. ती डाग समजून पुसू नका, चांदीच वर आलेली असते. माझ्या लेखी ती झाक पेनाच्या सालापेक्षा जास्त बोलते.

खानापूर_ओल
काचेला चिकटलेला ओढू नका, जिलेटिन काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. पाण्यात भिजवायचा सल्लाही कोणी दिला तर ऐकू नका, वरून रंग भरलेला असेल तर रंग विरघळून जातो. काचेसकट ठेवा. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे लावून काचेवरूनच फोटो काढून घ्या.

बुरशी आली असेल तर ओलं फडकं अजिबात नको. बुरशी जिलेटिन खाते, उरलेलं पाण्यात विरघळतं, पुसलं की चेहराच निघून येतो. तो प्रिंट बाकीच्यांपासून वेगळा करा, कोरड्या हवेत वाळू द्या, मग मऊ ब्रशनं उघड्यावर झाडा. नाकाला मास्क.

ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत. आपल्याकडच्या ओलीत चांगलं प्लॅस्टिकही प्रिंटला चिकटतं, म्हणून आम्लरहित कागदाचे लिफाफे, एकात एकच. हवाबंद डबा, 10 लिटरला साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा 30 ते 50 टक्क्यांत हवा. 30 च्या खाली गेला तर प्रिंट वळतो, जिलेटिनला तडे जातात. डबा भरायचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुलैत भरलात तर ओल आतच कोंडली. डांबरगोळ्या नकोत, कडुलिंबाचा पालाही नको, पाला स्वतःच ओल आणतो. डबा लोखंडी कपाटात मधल्या खणात ठेवा, आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

शिक्केवाला
भावाचं राहिलंच. 1924 वाला चमकला किंवा मागे पिनकोड निघाला तर तो बाजूला काढून उरलेल्या 42 चा भाव नव्यानं सांगायला लावा. आणि अल्बम असेल तर पानं सुटी करू देऊ नका. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, मग बांधणी. घरी आल्यावर नंबर घालायचे ते मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं.