पेट्रोल टाकीत इंजेक्टर क्लीनर टाकावा का?

कोथरूडकर: पेट्रोल हॅचबॅक, ६०,००० किमी. रोज कोथरूड ते डेक्कन, जेमतेम ५ किमी. सकाळी आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरते, पिकअप मंद. क्लीनरने, म्हणजे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) साफ करणाऱ्या द्रवाने, फरक पडेल?

घाटवाट: पोर्ट इंजेक्शन असेल, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणारी झडप) आधी फवारलं जात असेल, तर पडू शकतो. बाटलीवर पीईए, म्हणजे पॉलिइथर अमाइन हे साफ करणारं रसायन, लिहिलंय का बघा. आधी क्लीनर ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं. प्रमाण बाटलीवरचंच, दुप्पट ओतून दुप्पट साफ होत नाही. ती टाकी ५-५ किमीत संपवू नका, खंबाटकी घाटापर्यंत चक्कर मारा, इंजिन नीट तापू दे. ऑइल बदलायला आलं असेल तर टाकी संपल्यावर बदला. पीईएचा थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो.

टर्बोवाला: डायरेक्ट इंजेक्शनला (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात) मात्र इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन याने हलणार नाही. पेट्रोल व्हॉल्व्हला लागतच नाही ना! तिथे इनटेक मॅनिफोल्ड (हवा नेणारा पाइपांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाचा जोरदार मारा, म्हणजे ब्लास्टिंग.

स्पॅनर: त्याआधी स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बघा, थरथर बरेचदा तिथलीच. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून काळी कड पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर जातात. नंतर आयडल वर राहिला तर स्कॅनरवर रीलर्न (थ्रॉटलची जागा कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं) करून घ्या.