सालीतलं हेस्पेरिडिन 'शोषलं जात नाही' म्हणजे वाया जातं का?

रानवारा : संत्र्याच्या सालीचं कौतुक करताना सगळे परीक्षानळीतले प्रयोग पुढे करतात, पेशींवर शुद्ध हेस्पेरेटिन (फ्लेव्होनॉइड नावाच्या वनस्पतींतल्या रसायनांपैकी एक) ओतलं आणि सूज कमी झाली वगैरे. पण सालीत असतं हेस्पेरिडिन, म्हणजे तोच रेणू पण त्याला साखरेची जोडी चिकटलेली, आधी ग्लुकोज आणि त्याच्या टोकाला ऱ्हॅमनोज नावाची दुसरी साखर. आपल्या लहान आतड्यातल्या एन्झाइमला नुसता ग्लुकोज तोडता येतो, टोकाला ऱ्हॅमनोज असला की ते हात टेकतं. मग सगळा माल तसाच मोठ्या आतड्यात, तिथल्या बॅक्टेरियांनी तोडला तर तोडला. जे थोडंफार आत जातं त्यालाही आतड्याची भिंत आणि लिव्हर ग्लुकुरोनिक आम्ल नाहीतर सल्फेट चिकटवून टाकतात. म्हणजे नळीत ओतलेला रेणू त्या रूपात रक्तात जवळपास फिरतच नाही, आणि त्या जोरावर लोकांना साल खा म्हणून सांगणं मला चूक वाटतं.

मृद्गंध : नळीबद्दल शंभर टक्के मान्य. पण 'शोषलं नाही म्हणजे वाया गेलं' हे अजिबात पटलं नाही. आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम या बॅक्टेरियाच्या काही जाती तो ऱ्हॅमनोज कापतात, ते झालं की पुढचे बॅक्टेरिया रेणूचं मधलं कडंच फोडतात. ग्रेपफ्रूटमधल्या नॅरिंजेनिनचं, म्हणजे हेस्पेरेटिनच्याच कुळातल्या रेणूचं, हे काम युबॅक्टेरियम रॅम्युलस नावाचा बॅक्टेरिया करतो हे तर नीट माहितीये. त्यातून छोटी फिनॉलिक आम्लं तयार होतात, ती रक्तात जातात, काहींचं पुढे हिप्युरिक आम्ल होऊन लघवीतून बाहेर पडतं. जुन्या अभ्यासांत फक्त मूळ रेणू मोजायचे म्हणून शोषण नगण्य दिसायचं, ही आम्लं हिशोबात धरली की आकडा एकदम वर जातो.

रानवारा : हो पण तीच आम्लं कॉफी, चहा, बेरी कशातूनही बनतात ना. मग सालीचं वेगळं काय राहिलं?

कवडसा : मी रानवाराच्या बाजूने. 2006 साली माणसांवर एक चाचणी झाली होती, ज्यूसमधल्या हेस्पेरिडिनचा ऱ्हॅमनोज एन्झाइम वापरून आधीच काढला तर रक्तातली पातळी तासाभराच्या आत शिखरावर आली, नेहमीच्या ज्यूसला साधारण 7 तास लागले, आणि शोषणही कितीतरी जास्त झालं. मग बॅक्टेरियांच्या भरवशावर बसायचं कशाला? त्यात प्रत्येकाच्या पोटातली वस्ती वेगळी, तोच ज्यूस प्यायला तरी एकाच्या लघवीत भरपूर सापडतं आणि दुसऱ्याच्या जेमतेम.

मृद्गंध : ते 7 तास म्हणजे तोटाच असं का धरायचं? बराचसा वेळ मोठ्या आतड्यापर्यंत पोचण्यातच जातो, पण पोचल्यावर ते तिथल्या भिंतीला लागून असतं, आणि सालीत सोबत पेक्टिन (फळांतला विरघळणारा तंतू) असतं जे तिथले बॅक्टेरिया आंबवून शॉर्ट चेन फॅटी ॲसिड्स, म्हणजे छोट्या साखळीची चरबी-आम्लं, बनवतात. ज्यूसमध्ये हे फारसं नाहीच.

ओंजळ : तुम्ही सगळे हेस्पेरिडिनवरच अडकलात. ते गराभोवतीच्या पांढऱ्या भागातही भरपूर असतं, त्यासाठी रंगीत साल कशाला हवी! रंगीत भागाची खरी खासियत नोबिलेटिन आणि टॅन्जेरेटिन, ही दुसरी दोन फ्लेव्होनॉइड्स. त्यांना साखर चिकटलेलीच नसते, त्याऐवजी मेथॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेले मिथाइल) असतात, नोबिलेटिनला 6 आणि टॅन्जेरेटिनला 5, त्यामुळे ती तेलात विरघळतात आणि बॅक्टेरियांची वाट न बघता लहान आतड्यातूनच आत जातात. नंतर लिव्हर आणि बॅक्टेरिया दोघंही एकेक मिथाइल काढत बसतात आणि ती नवीन रूपंही क्रियाशील असतात. रानवाराचा 'साखर तुटत नाही' हा आक्षेप इथे लागूच होत नाही.

कवडसा : मुद्दा चांगला आहे, पण त्याच रंगीत सालीवर फळं टिकवायला इमॅझॅलिलसारखी बुरशीनाशकं आणि वर मेण लावतात, नुसत्या धुण्याने ते सगळं जात नाही. आणि ग्रेपफ्रूटची साल औषधं चालू असणाऱ्यांनी तर नकोच. तिथे फ्लेव्होनॉइड नव्हे, फ्युरॅनोकुमरिन नावाची वेगळीच रसायनं आतड्यातलं औषधं मोडणारं एन्झाइम बंद पाडतात आणि काही औषधांची रक्तातली पातळी धोक्याइतकी वाढते.

रानवारा : नोबिलेटिन मी धरलंच नव्हतं, ओंजळ, ते मान्य. हेस्पेरिडिनबद्दल मात्र मत तेच. मृद्गंध, पेक्टिन आणि फ्लेव्होनॉइड एकत्र गेल्यावर फायदा पेक्टिनचा की फ्लेव्होनॉइडचा हे वेगळं कसं करायचं सांगा, कारण पेक्टिन तर ॲपलमध्येही असतं.