एक टक्का क्रिल, पण कोणाच्या दारातले?

दीपस्तंभ

अंटार्क्टिकाच्या नैर्ऋत्य अटलांटिक बाजूची क्रिलची, म्हणजे पेंग्विन आणि व्हेल ज्यावर जगतात त्या कोळंबीसारख्या लहान जीवाची, मासेमारी २०२५ च्या ऑगस्टमध्येच बंद करावी लागली. हंगाम खरे तर नोव्हेंबरअखेर संपतो, परंतु ६ लाख २० हजार टनांची मर्यादा प्रथमच गाठली गेली. मर्यादा आली आणि जहाजे थांबली, म्हणजे व्यवस्था चोख आहे, असे काहींचे म्हणणे आहे. माझे मत नेमके उलट आहे.

२००९ पासून ही मर्यादा चार उपक्षेत्रांत वाटून दिलेली होती आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या उपक्षेत्रात १ लाख ५५ हजार टनांपेक्षा अधिक क्रिल काढता येत नव्हते. अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संवर्धनासाठी १९८२ पासून काम करणाऱ्या आयोगाच्या होबार्ट येथील २०२४ च्या बैठकीत या वाटणीला मुदतवाढ मिळाली नाही, त्यामुळे एकूण आकडा तोच राहिला, पण तो कोठून भरायचा याचे बंधन उरले नाही. पिल्ले घरट्यात असताना पेंग्विन काही डझन किलोमीटरच्या टप्प्यातच अन्न शोधू शकतो, शेकडो किलोमीटरवर क्रिलचे थवे आहेत हे त्याच्या उपयोगाचे नसते. देशाची कोठारे भरलेली आहेत म्हणून एखाद्या गावातला दुष्काळ मिटत नाही, तसेच हे आहे. वाटणी पुन्हा लागू होईपर्यंत द्वीपकल्पालगतची मासेमारी पूर्ण थांबवावी, असे मला वाटते. आपले मत काय?

खोलसमुद्र

आपली तळमळ मान्य, पण आकड्यांचे प्रमाण सुटले आहे. २०१९ च्या पाहणीत या क्षेत्रातील क्रिलचा साठा सुमारे ६ कोटी २६ लाख टन आढळला, आणि ६ लाख २० हजार टन म्हणजे त्याचा जेमतेम एक टक्का. जगातील किती मत्स्यव्यवसाय इतक्या संयमाने चालतात? आपल्याकडे पावसाळ्यातली ६१ दिवसांची बंदी पाळून घेतानाही काय दमछाक होते, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विचारा.

शिवाय आयोगाचा मूळ निकषच वेगळा आहे. एकट्या माशाचा विचार करणाऱ्या पद्धतीत साठा मूळच्या निम्म्यावर आला तरी चालते, परंतु येथे क्रिल खाणाऱ्या व्हेल, सील आणि पेंग्विनांचा वाटा गृहीत धरून मासेमारीनंतरही ७५ टक्के साठा शिल्लक राहावा, असे धरले जाते. त्या हिशेबाने ५६ लाख १० हजार टनांपर्यंत जाता आले असते, तरीही सध्याची मर्यादा त्याच्या नवव्या भागाइतकीच आहे. ताकही फुंकून पिणाऱ्यावर दूध उतू घालवल्याचा आरोप करू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २०१९ च्या पाहणीत मासेमारी कंपन्यांची जहाजेही सहभागी झाली होती. जहाजे हाकलून दिली, तर त्यांच्यावरचे निरीक्षक आणि क्रिलचे थवे टिपणाऱ्या ध्वनियंत्रांच्या नोंदीही जातील. मग आपण कोणत्या विज्ञानाच्या आधारे निर्णय घेणार?

नांगर

‘एक टक्का’ हा शब्द ऐकायला फार सोयीचा आहे. क्षेत्रभर झालेल्या अशा मोठ्या पाहण्या दोनच, एक २००० साली आणि दुसरी त्यानंतर १९ वर्षांनी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. क्रिलचे तसे नाही. ते थव्याने राहते, प्रवाहाबरोबर सरकते, आणि एखाद्या वर्षी भरपूर पिल्ले तगतात, तर पुढची काही वर्षे जवळपास कोरडी जातात. शिवाय पाहणी उन्हाळ्यात झाली आणि द्वीपकल्पाजवळची मासेमारी मुख्यतः उन्हाळा सरताना व त्यानंतरच्या थंडीत चालते, ही विसंगती मला सर्वांत गंभीर वाटते. याच थंडीत क्रिलची पिल्ले समुद्रबर्फाच्या खालच्या बाजूचे शेवाळ खाऊन जगतात. बर्फ कमी झाला की पिल्लांचे अन्न घटते आणि जहाजांना मात्र अधिक काळ तेथे थांबता येते. दोन्ही फटके एकाच जागी बसतात.

शास्त्रज्ञांतही एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकापासून क्रिल घटत असल्याचा निष्कर्ष २००४ मध्ये मांडला गेला; २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने जवळपास त्याच प्रकारच्या नोंदी वेगळ्या रीतीने तपासून दीर्घकालीन घट दिसत नसल्याचे म्हटले. अशा अनिश्चिततेत संशयाचा फायदा जाळ्याला मिळावा की पेंग्विनला? त्याच बाजूच्या साउथ जॉर्जिया बेटाभोवतीचा संगमरवरी रॉककॉड हा मासा १९७० च्या सुमारास अवघ्या दोन हंगामांत उपसला गेला. आयोग त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आला. बैल गेला नि झोपा केला.

खोलसमुद्र

रॉककॉडच्या वेळी मर्यादाच नव्हती, त्यामुळे ती तुलना पटत नाही. पेंग्विनांबाबत म्हणाल, तर त्याच द्वीपकल्पावर चिनस्ट्रॅप जातीचे पेंग्विन घटत असताना जेंटू जातीचे वाढत आहेत. जाळ्यांमुळे अन्न संपत असते, तर दोघांनाही फटका बसला असता. बदलते हवामान आणि बर्फ यांचा दोष मासेमारीच्या माथी मारणे सोपे आहे, कारण जहाजाला थांबवता येते आणि तापमानाला येत नाही.

नांगर

जेंटू क्रिलबरोबर मासेही खातो आणि बर्फाविना जगू शकतो, म्हणून तो वाढतो. एवढ्यावरून मासेमारी निर्दोष ठरत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्थानिक पातळीवर क्रिल अधिक प्रमाणात पकडले गेल्यास पेंग्विनांवर होणारा परिणाम प्रतिकूल हवामानाच्या परिणामाच्या तोडीचा असल्याचे आढळले. त्यावर आक्षेप घेता येतील, पण ‘स्थानिक’ हा शब्द पुसता येणार नाही. एकूण साठ्याचा एक टक्का सांगून आपण तोच शब्द टाळत आहात.

आग्वाद

दोघेही विज्ञानावर भांडत आहात, परंतु अडचण विज्ञानाची नाही. आयोगात निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणजे एक सदस्य अडला की सगळे अडते. रॉस समुद्राचे १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झाले. वेडेल समुद्र, पूर्व अंटार्क्टिका आणि द्वीपकल्प यांचे प्रस्ताव मात्र प्रामुख्याने चीन व रशियाच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे रखडले आहेत. टूथफिश या खोल पाण्यातल्या मोठ्या माशाच्या बाबतीत हीच व्यवस्था यशस्वी झालेली आहे. रॉस समुद्रात पकडलेल्या प्रत्येक टनामागे एक मासा खूण बांधून परत सोडायचा, तो पुन्हा सापडला की साठ्याचा अंदाज बांधायचा. शिवाय गळ लावलेले लांब दोर रात्री सोडणे आणि पक्ष्यांना घाबरवणाऱ्या फिती लावणे या साध्या नियमांमुळे दोरांवर मरणाऱ्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यांची संख्या जवळपास शून्यावर आली. नियम आणि राजकीय इच्छा दोन्ही असली की काम होते.

आपणही अगदी परके नाही. भारत १९८६ पासून या आयोगाचा सदस्य आहे, वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था आपल्या मोहिमा चालवते, आणि १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज खास क्रिलच्या अभ्यासासाठी तिकडे गेले होते. २०२१ मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र या संरक्षित क्षेत्रांना पाठिंबा जाहीर केला. वाटणीच्या प्रश्नावरही तितक्याच ठामपणे बोलायला काय हरकत आहे?

दीपस्तंभ

पूर्ण बंदीचा माझा आग्रह मी सोडतो. नोंदी बंद पडतील हा खोलसमुद्र यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझी मागणी आता इतकीच आहे: १ लाख ५५ हजार टनांचे स्थानिक बंधन तातडीने परत आणावे, आणि हिवाळ्यातील पाहणीचा खर्च त्याच पाण्यातून क्रिल-तेलाच्या कॅप्सूल व सामन माशांचे खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलावा.

खोलसमुद्र

एवढे असेल तर माझा विरोध नाही. फक्त एक लक्षात घ्या, की हा १ लाख ५५ हजारांचा आकडाही त्या उपक्षेत्रातील पेंग्विनांची भूक मोजून ठरलेला नव्हता; तो एकूण मर्यादेचा चौथा हिस्सा होता, इतकेच. तो परत आणताना त्यालाच विज्ञान म्हणू नका.